खानदेशातील विद्येची ठाणी : धुळे ते पाटण

सातपुडा आणि अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये तापी, गिरणा, पांझरा, बोरी अशा नद्यांच्या काठाने पसरलेल्या खानदेशाचा इतिहास सांगायला बसले की बोलणे बहुधा किल्ल्यांपासून सुरू होते. ते स्वाभाविकही आहे, कारण फारुकी, मोगल, मराठे आणि इंग्रज अशा चार सत्तांच्या खुणा या मुलखावर आहेत. परंतु त्याच मुलखात ग्रंथालये, मठ, वसतिगृहे, संशोधनसंस्था आणि पाणीवाटपाच्या पंचायती कोणी उभ्या केल्या, त्यांच्या खर्चाची तजवीज कोणी केली आणि त्यांतल्या कोणत्या टिकल्या, हा प्रश्न मला अनेक वर्षे अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे. त्याच प्रश्नासाठी या हिवाळ्यात आत्येबहिणीला सोबत घेऊन धुळ्यापासून पाटणपर्यंत फिरून आलो. ताई ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेली असल्यामुळे माझे लक्ष इमारतीकडे असताना तिचे लक्ष कपाटांकडे असे, आणि या प्रवासात तेच अधिक उपयोगी पडले.

सोमवार, धुळे

१८१८ साली पेशवाई बुडाल्यावर खानदेशाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला आणि त्याने धुळे हे मुख्य ठाणे केले. जुन्या गावाशेजारी सरळ रस्ते आखून त्याने पेठ वसवली. आजही धुळेकर पत्ता सांगताना 'चौथी गल्ली', 'पाचवी गल्ली' असा आकड्यांनीच सांगतात. कापसाच्या व्यापाराने ही पेठ भरभराटीला आली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा पश्चिमेचे मुख्य ठिकाण धुळेच राहिले, आणि १९९८ मध्ये त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी आयुष्यभर मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली. कुणाच्या माळ्यावरची, कुणाच्या देवघरातली, कुणी रद्दीत टाकलेली अशी दप्तरे त्यांनी गावोगाव पायपीट करून मिळवली आणि साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यांचा मृत्यू धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी झाला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजी, धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केले. मृत्यूनंतर पुतळ्याची वर्गणी गोळा करण्याची आपली रीत आहे; इथे गावाने त्या माणसाचे कागद सांभाळायचे ठरवले, याचे मोल मला फार मोठे वाटते. मंडळाच्या संग्रहात मोडी कागद, हस्तलिखिते, नाणी आणि खानदेशातून जमवलेल्या मूर्ती आहेत, आणि 'संशोधक' हे त्यांचे नियतकालिक अभ्यासकांच्या परिचयाचे आहे.

मोडी कागद जवळून पाहिल्याशिवाय या कामाचे कष्ट कळत नाहीत. बोरूने लिहिलेली ओळ शिरोरेघेला धरून एका दमात कागदाच्या काठापर्यंत जाते, शब्द कुठे तुटतो ते सवयीनेच ओळखावे लागते, घडीच्या जागी कागद विरतो आणि नेमके तिथेच एखादे नाव किंवा आकडा असतो. ताई बराच वेळ एका कागदाच्या घडीकडेच पाहत होती. तिचे म्हणणे असे की वाचणारा शंभर वर्षांनी आला तरी चालेल, पण वाळवी आणि ओल यांच्यापासून कागद वाचवणारा माणूस रोजच्या रोज हवा.

त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देव या वकिलाने रामदासी वाङ्मयासाठी असेच काम केले. १८९३ साली स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या आधाराने देवांनी ठिकठिकाणच्या मठांतून पोथ्या आणि कागद मिळवले, आणि ते आज श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. समर्थांच्या हस्ताक्षरातले मानले जाणारे वाल्मीकिरामायण याच संग्रहात आहे. ज्या मंदिरात पूजेचा विषय ग्रंथ आहे, अशा ठिकाणी चप्पल काढून आत शिरताना मनाला निराळेच समाधान वाटते.

संध्याकाळी तुरुंगाच्या बाजूने परतलो. १९३२ मध्ये विनोबा या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेचा एक अध्याय याप्रमाणे त्यांनी सहकैद्यांपुढे अठरा प्रवचने दिली, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. लिहिणारा माणूस तिथे नसता तर ती प्रवचने भिंतींच्या आतच राहिली असती. राजवाडे, देव आणि साने गुरुजी यांची वृत्ती, मते आणि मार्ग यांत अंतर पुष्कळ होते. पण दुसऱ्याचा शब्द जपून ठेवण्यासाठी स्वतःचे दिवस खर्च करण्याची तयारी तिघांतही होती.

मंगळवार, पांझरेचा काठ

धुळ्याहून साक्रीकडे पांझरेच्या काठाने गेलो ते फड पाहण्यासाठी. इतिहासाच्या सहलीत शेत कशाला, असे कोणी विचारील. पण माझ्या मते फड ही खानदेशातली सर्वांत जुनी चालती लोकसंस्था आहे आणि तिच्यावर कुणा राजाचे नाव नाही.

नदीला दगडी बंधारा घालून पाणी अडवायचे, ते पाटाने काठच्या जमिनीकडे वळवायचे, आणि ती सगळी भिजणारी जमीन काही मोठ्या फडांत विभागायची. फडात एका हंगामाला एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात गहू-हरभरा, हे शेतकरी एकत्र बसून ठरवतात आणि पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल होते. शेतकऱ्याची जमीन बहुधा वेगवेगळ्या फडांत तुकड्यांनी असल्यामुळे चांगले फड एकाकडे आणि वाईट दुसऱ्याकडे असे होत नाही. पाणी स्वतःच्या हाताने कुणी सोडायचे नाही. ते काम पाटकऱ्याचे. पिकाची राखण जागल्याची, आणि दोघांवर देखरेख करायला हवालदार. पाटातला गाळ काढायला घरटी माणूस जातो. नदीला पाणी कमी आले की भिजवायचे क्षेत्रच सर्वांच्या संमतीने कमी केले जाते, म्हणजे तूट एकट्याच्या पदरात पडत नाही. ही रीत तीन-चार शतके तरी चालत आलेली आहे.

एका बंधाऱ्यावर भेटलेल्या वयस्क पाटकरी आप्पांनी आम्हांला पाटाच्या कडेने नेले. चारीच्या तोंडाशी त्यांनी फावड्याने दोनच ढेकळे बाजूला केली. पाणी गव्हाच्या वाफ्यात शिरले आणि ते वाफ्याच्या शेवटच्या कोपऱ्यात पोहोचेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग तीच ढेकळे पुन्हा जागी बसवून पायाने दाबली. पलीकडच्या शेतकऱ्याला घाई असली तर काय करता, असे मी विचारल्यावर ते म्हणाले, "पानी गावनं शे भाऊ, पाळी उनी का त्याले बी भेटी." पाळी आली की त्यालाही मिळेल, एवढेच त्यांचे उत्तर होते, आणि त्यात शंकेला जागा नव्हती.

तरुणपणी विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या नोकरीत खानदेशात होते आणि धुळ्याजवळ पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बांधणे हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक होते. पुढे ज्यांच्या नावाने देश अभियंता दिन पाळू लागला, त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात अशा नदीवर झाली, जिच्या काठचे शेतकरी कितीतरी पिढ्या आधीपासून पाण्याचा हिशेब ठेवत होते, ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी. आज विहिरी, कूपनलिका आणि धरणाचे वेळापत्रक यांमुळे फड आक्रसले आहेत. घरचे पाणी असलेल्याला पंचायतीची गरज वाटत नाही. किल्ल्याची भिंत पडली की आपण हळहळतो. पाटकऱ्याची जागा रिकामी राहिली तर तिची बातमीही होत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

बुधवार, थाळनेर

शिरपूर तालुक्यातले थाळनेर तापीच्या काठावर आहे. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने हा भाग मलिक राजाला दिला आणि इथून फारुकी घराण्याची सुरुवात झाली. त्याचा मुलगा नसीरखान याने अशीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवले आणि राजधानी तिकडे गेली. १६०१ च्या आरंभी अशीरगड अकबराच्या हाती पडल्यावर हे राज्य संपले. गावाबाहेर फारुकींच्या कबरी आहेत. त्यांतल्या अष्टकोनी कबरीवरचे कोरीवकाम थांबून पाहण्यासारखे आहे.

किल्ल्याचे आता अवशेषच उरले आहेत. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने तो घेतला, आतल्या शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम याला फाशी देण्यात आले. मंदसोरच्या तहाने होळकरांनी हा मुलूख सोडला असूनही किल्ला लढवला, असा त्याच्यावर ठपका होता. त्या फाशीबद्दल खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले. तापीकडच्या बाजूला उभे राहिले की खालचे पात्र आणि पलीकडचा काठ दूरवर दिसतो. लता मंगेशकरांचे आजोळ याच गावचे, हे आम्हांला ज्याला त्याला विचारण्याआधीच सांगितले गेले. थाळनेरला आम्ही फार वेळ काढला नाही.

गुरुवार, अमळनेर

बोरी नदीच्या काठचे अमळनेर एका दिवसात पाहून होत नाही. संत सखाराम महाराजांचे संस्थान, नदीच्या पात्रातली समाधी आणि वैशाखातला रथोत्सव यांमुळे वारकऱ्यांच्या दृष्टीने हे जुने ठाणे आहे. आम्ही मात्र श्रीमंत प्रतापशेठ यांच्या संस्था पाहायला गेलो होतो.

कापडगिरणीच्या उत्पन्नातून प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले. मुंबई-पुण्यापासून दूर, कापसाच्या गाड्या भरणाऱ्या तालुक्याच्या गावी वेदान्ताच्या अभ्यासासाठी संस्था काढायची, देशभरातून अभ्यासक बोलवायचे, त्यांच्या राहण्या-जेवण्याची आणि वेतनाची सोय करायची, आणि त्यांनी शांतपणे विचार करावा एवढीच अपेक्षा ठेवायची, हे धाडस आज किती उद्योगपतींना सुचेल? कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ काही काळ इथे होते. घनश्यामदास मलकानी यांनी दीर्घकाळ संस्थेची धुरा वाहिली आणि इथून निघणारे इंग्रजी तत्त्वज्ञान-त्रैमासिक देशभरच्या विद्यापीठांत वाचले जाई. आज संस्था प्रताप तत्त्वज्ञान केंद्र या नावाने ओळखली जाते. ग्रंथालयात ताईने एक जुना खंड काढून त्याची बांधणी तपासली, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहिली, आणि ती पुस्तके नुसती ठेवलेली नव्हती, वाचली गेली होती, असा निर्वाळा दिला.

साने गुरुजी आधी या तत्त्वज्ञान मंदिरात विद्यार्थी म्हणून आले आणि १९२४ पासून प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आल्यावर त्यांनी मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' रोज लिहून काढायला सुरुवात केली. मुले उठायच्या आत ताजा अंक लागलेला असे. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि पुढे खानदेशातले शेतकरी आणि गिरणी कामगार यांच्या लढ्यांत राहिले. गिरणीमालकाच्या देणगीने चाललेल्या शाळेतला शिक्षक त्याच गावच्या कामगारांच्या बाजूने उभा राहतो, आणि गावाला दोघांचीही नावे सारख्याच आदराने घ्यावीशी वाटतात, यात अमळनेरचा स्वभाव दिसतो असे मला वाटते.

१९४५ हे वर्ष या गावाच्या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे आहे. खानदेश एज्युकेशन सोसायटीचे प्रताप महाविद्यालय त्या वर्षी सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरला मोहम्मद हशम प्रेमजी यांनी इथे वनस्पती तुपाच्या कारखान्यासाठी कंपनी स्थापन केली, जी पुढे विप्रो म्हणून जगभर पसरली. भुईमुगाच्या पट्ट्यात तेलाचा धंदा निघणे साहजिक होते. त्या काळी घेतलेले शेअर जपून ठेवणाऱ्या अमळनेरकरांच्या कथा खानदेशात सर्वांना ठाऊक आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले तेव्हा, इतक्या लहान गावाला हे कसे पेलणार, असे विचारणाऱ्यांना या गावाचा पूर्वेतिहास माहीत नसावा.

शुक्रवार, धरणगाव, जळगाव, फैजपूर

धरणगाव हे बालकवींचे जन्मगाव. पण आम्ही तिथे थांबलो ते दुसऱ्याच कारणासाठी. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्लांची पलटण उभी केली तेव्हा तिचे ठाणे धरणगावला होते. डोंगरी वाटांच्या राखणीचे जुने हक्क गेल्यामुळे बंडावर उतरलेल्या भिल्लांना पगार देऊन त्यांच्याच भाऊबंदांवर नेमण्याचा तो उपाय होता. इंग्रजी अंमलदारांनी त्याची खूप स्तुती लिहिली आहे. तरीही १८५८ च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात अंबापाणी येथे खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांनी इंग्रजांशी मोठी लढाई दिली. आपल्या संग्रहांतले कागद मोडीत असोत की इंग्रजीत, भिल्लांची बाजू त्यांत दुसऱ्याच्या लेखणीतून आलेली आहे. धुळ्यात पाहिलेल्या कपाटांच्या कौतुकाबरोबर ही उणीवही सांगितली पाहिजे. १९७० च्या दशकात शहाद्याकडे अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी भिल्ल शेतमजुरांना जमीन आणि मजुरीच्या प्रश्नांवर संघटित केले, त्या चळवळीची गाणी, पत्रके आणि आठवणी तरी वेळीच एका जागी यायला हव्यात.

जळगावात बहिणाबाई चौधरींचे घर पाहिले. आसोद्याची ही लेक लिहू-वाचू शकत नव्हती. जात्यावर आणि शेतात तिच्या तोंडून निघालेली गाणी घरातल्या मुलांनी उतरून घेतली, म्हणून १९५१ मध्ये तिच्या मृत्यूनंतर ती महाराष्ट्राला मिळाली. १९९० साली स्थापन झालेल्या इथल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये तिचे नाव दिले गेले. दुपारी भरीत, कळण्याची भाकरी आणि वर मिरचीचा ठेचा असे जेवण करून फैजपूरकडे निघालो.

केळीच्या बागांतून जाणारा हा रस्ता डिसेंबर १९३६ मध्ये माणसांनी फुलून गेला असेल. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन ते फैजपूरचे. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनासाठी गांधीजी, नगराचे नाव टिळकनगर, आणि बांबू, चटया अशा गावात मिळणाऱ्या सामानातून सजावट करणारे नंदलाल बोस. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांना कामाला लावून ही व्यवस्था पार पाडली. सारा, कर्ज आणि कुळांचे प्रश्न यांवरचा शेतीविषयक कार्यक्रम याच अधिवेशनात संमत झाला. फैजपूरच्या महाविद्यालयाला धनाजी नानांचे नाव आहे.

शनिवार, पाटण

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, अजिंठ्याच्या रांगेच्या पोटात गौताळा अभयारण्याला लागून पाटणादेवीचे स्थान आहे. तिन्ही बाजूंनी कडे, मधे ओढे, आणि चंडिकादेवीचे यादवकालीन दगडी मंदिर. नवरात्रात इथे गर्दी असते. आम्ही गेलो तेव्हा काही कुटुंबे तेवढी कुळाचारासाठी आली होती.

या देवळातला शिलालेख १८६५ च्या सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. गणिती भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ त्यात आहे : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग स्वतः भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. लक्ष्मीधराला यादव राजा जैतुगीने आपल्या दरबारी नेले आणि चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी होता. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० चा. सह्याद्रीच्या पायथ्याचे विज्जलविड हे आपले गाव असल्याचे ते सांगतात; ते गाव नेमके कोणते याविषयी मतभेद आहेत. परंतु आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून नातवाने पाटणला मठ काढला, हे लेखातच कोरलेले आहे. पुण्यप्राप्तीसाठी मंदिर बांधणारे पुष्कळ झाले; आजोबांच्या गणित-ज्योतिषाच्या पुस्तकांसाठी पाठशाळा काढणारा चांगदेव मला त्या सर्वांहून जवळचा वाटतो.

लेखाचा उत्तरार्ध माझ्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेला चंद्रग्रहणाच्या वेळी, सर्व लोकांच्या समक्ष, हातावर पाणी सोडून निकुंभ वंशातल्या सोइदेवाने या मठाला उत्पन्न लावून दिले. अभ्यासक हा दिवस इ.स. १२०७ मधला धरतात. पंडितांची वंशावळ संस्कृत श्लोकांत आहे. देणगीचा तपशील मात्र बाजारातल्या माणसाला कळावा म्हणून त्या काळच्या मराठीत लिहिला आहे. 'इयां पाटणीं जें केणें उघटे' अशी त्याची सुरुवात आहे. या पाटणात जो माल विक्रीला उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे येणे होते ते मठाला दिले. पुढे गावातल्या घाण्यांचा उल्लेख आहे : जितके घाणे चालतील, तितक्यांमागे पळी-पळी तेल.

ताईने हा मजकूर मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला. मठातल्या दिव्यांना तेल लागणार, विद्यार्थी रात्री त्याच उजेडात बीजगणिताची उदाहरणे सोडवणार, आणि ते तेल रोज घाण्यावर बैल हाकणाऱ्या तेल्याच्या पळीतून येणार, इतका बारीक विचार त्या व्यवस्थेत आहे. पंडित, राजा, व्यापारी, तेली आणि गिऱ्हाईक या सर्वांचा वाटा एका पाठशाळेत पडत होता, आणि तो दगडावर कोरून ठेवला होता, म्हणजे पुढच्या अधिकाऱ्याला नाकारता येऊ नये.

परतताना देवळापाशी आलेल्या दोन महाविद्यालयीन मुलांनी, तुम्ही भिंतीजवळ काय वाचत होता, असे विचारले. दोघेही गणित शिकणारे, चाळीसगाव तालुक्यातलेच. लीलावतीचे नाव त्यांना माहीत होते, या लेखाचे नव्हते. ताईने त्यांना वंशावळीपासून सुरुवात करून घाण्यांच्या ओळीपर्यंत सगळे समजावून सांगितले आणि त्यांच्या वहीत तो मराठी मजकूर उतरवून दिला. शेवटच्या गाडीची वेळ होत आली होती, तरी त्यांतल्या एकाने पुन्हा आत जाऊन दिवा करण्याइतके तेल एका पळीत येते का, असे पुजाऱ्यांना विचारलेच, आणि पुजाऱ्यांनी पळी आणून त्याच्या हातात दिली.